नोकरी, संसार आणि एमबीबीएस : तिशीनंतर पुण्यातून वैद्यकीय प्रवेशाची तयारी

एमबीबीएसच्या प्रवेशाला वयाची वरची मर्यादा आता नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा तो निर्णय २०२२ मध्ये नीटच्या परीक्षेला लागू झाला. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण असली की वयाची अट संपली. परीक्षा किती वेळा द्यायची यावरही बंधन नाही. त्यामुळे हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या, चाकणच्या कारखान्यात क्वालिटीला असलेल्या किंवा बँकेत दहा वर्षं काढलेल्या माणसाला कायद्याने कोणी अडवत नाही.

अडचणी वेगळ्या असतात. या वाटेवर निघालेले बरेच जण पहिल्याच दिवशी क्लासची चौकशी करतात आणि वर्षभराने त्यांना कळतं की बारावीची गुणपत्रिकाच चालणार नाही, किंवा राज्याच्या कोट्यात आपण बसतच नाही. म्हणून इथे अभ्यास मुद्दाम नंतर घेतला आहे. आधी पात्रता, मग पैसा, मग पुस्तक. हा क्रम मोडू नका.

बारावीची गुणपत्रिका समोर ठेवा

फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी (किंवा बायोटेक्नॉलॉजी) आणि इंग्रजी हे चारही विषय बारावीला पास असले पाहिजेत. शिवाय पहिल्या तीन विषयांची बेरीज खुल्या प्रवर्गाला आणि ईडब्ल्यूएसला ५० टक्के, अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींना ४० टक्के हवी. म्हणजे ३०० पैकी १५० किंवा १२०. समजा फिजिक्स ५२, केमिस्ट्री ४५ आणि बायोलॉजी ५०. बेरीज १४७. खुल्या प्रवर्गातला हा उमेदवार नीटमध्ये ६०० गुण मिळवूनही अपात्र ठरतो, कारण नीटचे गुण बारावीची कमतरता भरून काढत नाहीत. गणिताचे गुण या बेरजेत धरत नाहीत आणि पदवीचे गुण कुठेच उपयोगाला येत नाहीत. बी.ई.ला डिस्टिंक्शन असलं तरी मोजणार ती बारावीच.

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरांची एक नेहमीची गाठ आहे. अनेकांनी अकरावीला बायोलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स हा दोनशे गुणांचा बायफोकल विषय घेतलेला असतो, त्यामुळे गुणपत्रिकेवर बायोलॉजीचा पत्ताच नसतो. पूर्वी इथे रस्ता बंद होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने जाहीर सूचना काढली आणि बारावी झाल्यावर अतिरिक्त विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून बायोलॉजी पास होणाऱ्यांना नीटला बसता येऊ लागलं.

यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला राज्य मंडळाचा. ‘तुरळक विषय’ घेऊन परीक्षेला बसण्याबाबत पुणे विभागीय मंडळाच्या कार्यालयात जाऊन विचारा, फोनवर भागवू नका. अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जातो आणि प्रात्यक्षिकांसाठीही कॉलेजच लागतं, त्यामुळे तुमचं जुनं कॉलेज तयार आहे का हे त्याच आठवड्यात पाहा. दुसरा मार्ग एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा. तिथे सीनियर सेकंडरीचा बायोलॉजी हा विषय (सांकेतिक क्रमांक ३१४) एकटा घेता येतो. पुण्यात त्यांचं विभागीय केंद्र आहे. लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक आणि घरी लिहून द्यायचे स्वाध्याय दोन्ही असतात. नोकरदार लोक नेमके स्वाध्यायच विसरतात.

एनआयओएसची परीक्षा एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये होते. नीटच्या आदल्या वर्षीची ऑक्टोबरची धरा. एप्रिलची दिली तर निकाल आणि प्रवेश फेऱ्या एकमेकांच्या अंगावर येतात आणि मूळ गुणपत्रिका हातात नसताना कागदपत्र तपासणी गाठावी लागते. अभ्यास केंद्र महाराष्ट्रातलंच निवडा. त्याचं कारण पुढच्याच भागात आहे.

ज्यांच्याकडे बायोलॉजी आहे पण बेरीज कमी पडते त्यांनी श्रेणीसुधाराच्या भरवशावर राहू नये. ती संधी पास झाल्यानंतरच्या मोजक्याच परीक्षांपुरती असते आणि दहा वर्षांपूर्वी बारावी झालेल्यांची ती केव्हाच संपलेली असते. त्यांना कमी पडणारे विषय मुक्त विद्यालयातून नव्याने द्यावे लागतात.

राज्याचा कोटा आणि डोमिसाईल

सरकारी कॉलेजातल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यात आणि १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात असतात. राज्याच्या जागा महाराष्ट्राचा सीईटी सेल भरतो, अखिल भारतीय जागा दिल्लीची एमसीसी, म्हणजे मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, भरते. राज्याच्या कोट्यासाठी नुसतं डोमिसाईल पुरत नाही. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून पास असावी लागते. पुण्यात पंधरा वर्षं राहणारा, पण इंदूरला किंवा हैदराबादला बारावी केलेला माणूस डोमिसाईल काढूनही या कोट्याबाहेर राहू शकतो. केंद्र सरकारच्या किंवा लष्करी नोकरीतल्या पालकांच्या मुलांना आणि अशा काही ठरावीक गटांना सवलत आहे, ती माहितीपुस्तिकेत शब्दन् शब्द वाचा. बेळगाव, निपाणी, बिदर भागातल्या ८६५ गावांमधल्या मराठी उमेदवारांसाठी सीमाभागाच्या वेगळ्या जागा आहेत. संख्येने त्या थोड्या आहेत, पण पुण्यात स्थायिक झालेल्या अनेकांना आपण त्यात बसतो हे ठाऊकच नसतं.

स्त्रियांसाठी सरकारी जागांमध्ये प्रत्येक प्रवर्गात ३० टक्के समांतर आरक्षण आहे. लग्न झालेलं असण्याने त्यात काही फरक पडत नाही.

पुण्यातली कॉलेजं, घरापासून आणि खिशापासून

ससून रुग्णालयाला जोडलेलं बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, २५० जागा, हे पुण्यातलं सगळ्यांचं पहिलं लक्ष्य, आणि म्हणूनच कट-ऑफ चढा. बारामतीला २०१९ पासून शंभर जागांचं सरकारी कॉलेज आहे. पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटर, म्हणजे रोज जाऊन-येऊन होणार नाही, पण शनिवारी रात्री घरी पोचता येतं. कुटुंब पुण्यात ठेवून शिकायचं असेल तर पसंतीक्रमात याला वर घ्या.

मंगळवार पेठेतलं भारतरत्न अटलबिहारी वाजपेयी वैद्यकीय महाविद्यालय २०२२ मध्ये सुरू झालं. ते महापालिकेचं असलं तरी फी सरकारी कॉलेजच्या दराने नसते, हे गृहीत धरून फॉर्म भरा. नऱ्ह्याचं काशीबाई नवले हे खासगी. धनकवडीचं भारती विद्यापीठ, पिंपरीचं डी. वाय. पाटील आणि लवळ्याचं फक्त मुलींसाठी असलेलं सिंबायोसिस ही अभिमत विद्यापीठांची कॉलेजं, त्यांचे प्रवेश एमसीसीकडून होतात. एएफएमसी, म्हणजे लष्कराचं वैद्यकीय महाविद्यालय, मात्र यादीतून काढून टाका. तिथे वयाची मर्यादा आहे आणि उमेदवार अविवाहित असावा लागतो.

फीमधला फरक कल्पनेपेक्षा मोठा आहे. सरकारी कॉलेजात वर्षाला साधारण एक ते दीड लाख, खासगीत शुल्क नियामक प्राधिकरण ठरवेल तेवढी, आणि बहुतेक ती काही पटींनी जास्त. बऱ्याच अभिमत विद्यापीठांत वर्षाला वीस लाखांच्या पुढे.

आमचं स्पष्ट मत सांगतो. वय पस्तिशीच्या पुढे, घरात लहान मुलं आणि डोक्यावर गृहकर्ज असेल तर अभिमत विद्यापीठाची जागा कर्ज काढून घेऊ नका. साडेचार वर्षांच्या फीचे एक कोटी सहज होतात. एक कोटीच्या कर्जाला १० टक्के व्याजाने पंधरा वर्षांचा हप्ता महिना सुमारे १ लाख ७ हजार येतो, आणि शिक्षण चालू असताना साचलेलं व्याज त्यात धरलेलंच नाही. नव्या एमबीबीएस डॉक्टरला तो हप्ता फेडून घर चालवता येत नाही, आणि पुढचं एम.डी. करायची ताकदही उरत नाही.

घराचं गणित कागदावर मांडा

अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यावर एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप. सरकारी जागा घेतली तर आणखी एक वर्ष सामाजिक दायित्वाची सेवा, ज्याला सगळे ग्रामीण बाँड म्हणतात. पूर्वी १० लाख भरून ती टाळता येत असे, पण २०२२-२३ च्या प्रवेशांपासून तो पर्याय बंद झाला. विशेषज्ञ व्हायचं तर नीट पीजी आणि पुढची तीन वर्षं. म्हणजे पस्तिसाव्या वर्षी तयारी सुरू करून सदतिसाव्या वर्षी प्रवेश मिळाला तर इंटर्नशिप संपताना बेचाळिशी उलटलेली असेल, बाँडनंतर त्रेचाळीस, पदव्युत्तर धरून सत्तेचाळीस. त्या त्या वर्षी मुलं कितवीत असतील हे याच कागदावर शेजारी लिहा. दहावी-बारावीचं वर्ष आणि तुमची फायनल इयरची परीक्षा एकत्र येते का ते तिथे दिसतं.

आता पैसे. समजा घरखर्च हप्त्यासकट महिना ७० हजार आणि जोडीदाराचा पगार हातात ५० हजार. दरमहा २० हजारांची तूट. साडेपाच वर्षांचे ६६ महिने, म्हणजे १३ लाख २० हजार. परीक्षेआधी वर्षभर नोकरी सोडली तर आणखी २ लाख ४० हजार. सरकारी फी दीड लाखाने साडेचार वर्षांची पावणेसात लाख. बेरीज झाली साडेबावीस लाखांच्या आसपास. सहा महिन्यांच्या घरखर्चाची गंगाजळी, ४ लाख २० हजार, वेगळी ठेवा. सत्तावीस लाख बाजूला असतील किंवा ठरावीक मुदतीत उभे राहणार असतील तर पुढे चला. यात महागाई आणि मुलांच्या शाळेची वाढती फी धरलेली नाही, म्हणून हातात थोडं सैल राखा. इंटर्नशिपचा स्टायपेंड मिळतो, पण त्यावर संसार चालत नाही. तो हिशेबात धरूच नका.

जमलं तर आधी गृहकर्जाचा हप्ता कमी करून घ्या. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागत नाही. त्यावरच्या रकमेला लागतं, आणि सहकर्जदार म्हणून जोडीदाराचं उत्पन्न तपासलं जातं. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळू शकते. २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्काची पूर्ण सवलत आहे. अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून चालू वर्षाचाच लागतो, आणि नोकरी सोडण्याच्या वर्षी दाखल्यावर आदल्या वर्षीचा पगार दिसतो, म्हणजे पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती हातातून जाऊ शकते.

राजीनामा देण्यापूर्वी दोन विमे उतरवा. कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षा काळ असतो. कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसी नोकरीत असतानाच सुरू केली तर तो काळ तिथेच सरायला लागतो. मुदत विम्याचंही तसंच. विमा कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते, विद्यार्थ्याकडे तो नसतो. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं पूर्ण व्हायला चार-पाच महिने राहिले असतील तर तेवढे थांबा.

परीक्षा नक्की कशी आहे

२०२५ पासून नीटचा पेपर असा : १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. सेक्शन बी मधले पर्यायी प्रश्न आता नाहीत, त्यामुळे जुने क्लासचे साचे आणि यूट्यूबवरचे जुने सल्ले तपासून घ्या.

गुणांची वर्षावर्षात तुलना करू नका. २०२४ मध्ये ७२० पैकी ७२० मिळवणारे अनेक होते, २०२५ मध्ये पहिल्या आलेल्याला ६८६ गुण होते. ‘किती मार्क लागतात’ यापेक्षा ‘आपल्या प्रवर्गात राज्यातल्या शेवटच्या सरकारी जागेचा अखिल भारतीय क्रमांक काय होता’ हे सीईटी सेलच्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या याद्यांतून काढा. लक्ष्य त्या क्रमांकाचं ठेवा. नुसतं ‘क्वालिफाय’ होणं म्हणजे प्रवेश नव्हे. २०२५ मध्ये बारा लाखांहून अधिक विद्यार्थी पात्र ठरले होते, देशातल्या जागा त्याच्या एक दशांशाच्या आसपास.

पेपर मराठीतही मिळतो. पण भाषांतरात संदिग्धता आली तर इंग्रजी मजकूर प्रमाण मानतात, आणि पुढे एमबीबीएस इंग्रजीतच आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनीही सुरुवातीपासून इंग्रजी संज्ञा पाठ केलेल्या बऱ्या. पहिले दोन महिने जड जातात, नंतर सोपं होतं.

अभ्यास : पार्श्वभूमीप्रमाणे वेगळा

सगळ्यात आधी आयोगाने जाहीर केलेला सध्याचा अभ्यासक्रम छापून घ्या. तो २०२४ च्या परीक्षेपासून बदलला आहे. अप्पा बळवंत चौकात एनसीईआरटीची (केंद्राच्या अभ्यासक्रमाची) जुनी पुस्तकं अर्ध्या किमतीत मिळतात आणि इथेच गोची होते. जुन्या पुस्तकात सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर असे वगळलेले धडे आहेत, त्यावर आठवडे वाया जातात. उलट नव्या बारावीच्या केमिस्ट्रीत पी-ब्लॉकचा धडा नाही, पण नीटच्या अभ्यासक्रमात पी-ब्लॉक आहे. म्हणून संच नवा घ्या, आणि पी-ब्लॉकसाठी जुन्या पुस्तकाचा तेवढा भाग जवळ ठेवा. महाराष्ट्र मंडळाची पुस्तकं चांगली आहेत, पण प्रश्न एनसीईआरटीच्या वाक्यांवरून निघतात.

इंजिनिअरला फिजिक्सची भाषा ओळखीची असते, बायोलॉजी पूर्ण नवी. त्याने पहिले पाच-सहा महिने वेळेतला निम्मा वाटा बायोलॉजीला द्यावा, कारण ३६० गुण तिथे आहेत आणि ते वाचनातून मिळतात. इंजिनिअरांची एक सवय मात्र इथे नडते. संकल्पना समजली की ते पुढे जातात. बायोलॉजीत ‘खालीलपैकी कोणती विधाने योग्य’ अशा प्रश्नात एक शब्द फिरवलेला असतो, आणि समज पक्की असूनही शब्द आठवत नाही म्हणून चार गुण जातात. धडा वाचा, पुस्तक मिटवा, आकृती कोऱ्या कागदावर नावांसकट काढा, मग पुस्तकाशी पडताळा. नेफ्रॉनची आकृती काढताना हेन्लेच्या लूपची कोणती भुजा पाणी बाहेर सोडते आणि कोणती क्षार, हे जिथे अडतं तिथेच पेन्सिलने खूण करा. रविवारी फक्त या खुणा पाहायच्या.

फार्मसी, बायोटेक किंवा नर्सिंगमधून येणाऱ्यांचं उलटं. त्यांचं बायोलॉजी आणि ऑरगॅनिक लवकर उभं राहतं, फिजिक्स राहून जातं. फिजिक्सला रोज एक तास द्या, आठवड्यातून एकदा सहा तास बसून चालत नाही. मेकॅनिक्सवर अडकून बसण्याऐवजी मॉडर्न फिजिक्स, सेमीकंडक्टर, करंट इलेक्ट्रिसिटी आणि ऑप्टिक्स आधी उरकले तर थोड्या मेहनतीत गुण हाती येतात. कॉमर्स किंवा आर्ट्समधून येणाऱ्यांना आधी बारावीचे सायन्सचे तिन्ही विषय पास व्हावे लागतात. त्यांनी एकूण तीन वर्षं धरावीत.

नोकरी करत आठवड्याला २५ तास निघाले तर अठरा ते चोवीस महिने लागतात. पहाटे साडेचार ते साडेसहा हे दोन तास घरात मुलं असलेल्यांना सगळ्यात भरवशाचे. रात्रीचे तास पहिल्या तापात, पहिल्या रिलीजच्या आठवड्यात बुडतात. शनिवार-रविवारी सदाशिव किंवा नारायण पेठेतल्या अभ्यासिकेत जागा घ्या. तिथे स्पर्धा परीक्षावाल्यांच्या सोबतीने सलग बसण्याची सवय परत येते, आणि ती सवयच या वयात सगळ्यात जास्त गंजलेली असते.

शेवटच्या चार-पाच महिन्यांत दर रविवारी दुपारी २ ते ५ पूर्ण पेपर सोडवा, कारण परीक्षा त्याच वेळेला असते. छापील ओएमआर (गोल भरायची उत्तरपत्रिका) आणि काळं बॉलपेन वापरा. १८० गोल भरायला पंधरा मिनिटं सहज जातात, आणि संगणकावरच सराव केलेले नेमके इथे घसरतात. एक प्रश्न सोडला आणि गोल सरकला की पुढचे सगळे चुकतात, म्हणून पानागणिक भरत जा. अजिबात न कळलेला प्रश्न सोडा, दोन पर्याय खात्रीने खोडता आले तर उत्तर द्या. पेपर तपासताना चुकांच्या तीन याद्या करा : माहीत नव्हतं, माहीत होतं पण घाई झाली, आकडेमोड चुकली. पहिल्या यादीसाठी पुस्तक उघडायचं, बाकीच्या दोन फक्त सरावाने कमी होतात.

राजीनामा कधी द्यायचा? ऑगस्टपर्यंत चाचणी म्हणून सोडवलेल्या सलग चार पूर्ण पेपरांत तुमच्या प्रवर्गाच्या सरकारी कट-ऑफपासून ऐंशी-शंभर गुणांच्या आत आलात, तर शेवटचे सहा महिने बिनपगारी रजा किंवा राजीनामा विचारात घ्या. आयटीतला नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असू शकतो, त्यामुळे हा निर्णय ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच व्हायला हवा. त्याआधी सोडणं घराला परवडत नाही आणि अभ्यासालाही फारसं उपयोगी पडत नाही.

अर्ज, प्रवर्ग आणि फेऱ्या

नीटचा फॉर्म साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, परीक्षा मेच्या पहिल्या रविवारी असते. फॉर्ममधला प्रवर्ग केंद्राच्या यादीप्रमाणे भरायचा. एसईबीसी ही राज्याची तरतूद आहे. तो उमेदवार नीटच्या फॉर्ममध्ये खुला किंवा ईडब्ल्यूएस, आणि सीईटी सेलच्या फॉर्ममध्ये एसईबीसी असतो. परीक्षेच्या दिवशी गेट दुपारी दीडला बंद होतं, आणि ते खरंच बंद होतं.

निकालानंतर आपोआप काही होत नाही. सीईटी सेलकडे वेगळी नोंदणी, एमसीसीकडे वेगळी नोंदणी. दोन्हीकडे करा. पसंतीक्रम भरताना फक्त तीच कॉलेजं लिहा जिथे तुम्ही उद्या फी भरून हजर व्हाल. अभिमत विद्यापीठांसाठी एमसीसीकडे दोन लाखांची अनामत असते, आणि दुसऱ्या फेरीपासून मिळालेली जागा सोडली की ती बुडते. ‘भरून ठेवू, बघू’ म्हणून अशी पसंती देऊ नका. राज्याच्या फेऱ्यांत जागा आवडली असेल आणि पुढे बदल नको असेल तर स्टेटस रिटेन्शन फॉर्म वेळेत भरा. तो भरला नाही आणि पुढच्या फेरीत वरची पसंती मिळाली तर आधीची जागा आपोआप जाते. ससूनवरून थेट दुसऱ्या जिल्ह्यात जाण्याची वेळ अशीच येते, कारण क्रम लिहिताना ते कॉलेज घाईत वर टाकलेलं असतं.

कागद, विशेषतः लग्नानंतरचे

परीक्षेच्या सहा महिने आधी एक फाईल करा. दहावी-बारावीची गुणपत्रिका व प्रमाणपत्र, राष्ट्रीयत्व व डोमिसाईल, शाळा किंवा शेवटचं कॉलेज सोडल्याचा दाखला, आधार, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला. लागू असेल तिथे जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमी लेयर किंवा ईडब्ल्यूएस. बारावीनंतरच्या सगळ्या वर्षांचा हिशेब देणारं गॅपचं प्रतिज्ञापत्रही लागतं. त्यात पदवी, नोकरी आणि बाळंतपणाची वर्षं तारखांसकट लिहा. जात वैधतेला महिनोन् महिने लागतात, म्हणून तिची सुरुवात अभ्यासाबरोबरच करा.

विवाहित स्त्रियांच्या बाबतीत नाव हा मोठा अडथळा आहे. दहावीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने, अशा फाईली तपासणीच्या खिडकीवर थांबतात. नीटचा फॉर्म दहावीच्या नावाप्रमाणे भरा, आधारवरचं नाव त्याच्याशी जुळवून घ्या, आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत सोबत ठेवा. जातीचा दाखला आणि वैधता माहेरच्या, म्हणजे वडिलांकडच्या कागदांवरच निघते.

प्रवेश मिळाल्यावरचं पहिलं वर्ष

एमबीबीएस अर्धवेळ होत नाही. थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, शनिवारही भरतो. नोकरी चालू ठेवून निभेल हा विचार सोडून द्या. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री. डिसेक्शन हॉलमध्ये तासन् तास उभं राहणं आणि सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या वेगाने पाठांतर हे दोन्ही सुरुवातीला अंगावर येतं. पहिल्या वर्षाची परीक्षा पास व्हायला जास्तीत जास्त चार संधी असतात, आणि प्रवेशापासून नऊ वर्षांत अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. बाळंतपण किंवा घरातलं आजारपण आलं तर याच चौकटीत बसवायचं असतं, म्हणून पहिल्या वर्षाची हजेरी अजिबात ढिली सोडू नका.

वॉर्ड सुरू झाले की सकाळ जाते, आणि इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टी आणि लेबर रूमच्या रात्रपाळ्या येतात. शाळेत सोडणं, आणणं, आजारी मूल, वयस्कर आईवडिलांची तपासणी यातलं काय कोण करणार हे प्रवेशाआधी जोडीदाराशी बसून नावानिशी ठरवा. पाळणाघर किंवा मावशींचा पगार घरखर्चात लिहा. शक्य असेल तर कॉलेजच्या तीन-चार किलोमीटरच्या आत भाड्याने राहा. ससूनसाठी वनाझ-रामवाडी मेट्रोच्या मार्गावरचं घर चालतं, पुणे रेल्वे स्टेशनला उतरून चालत पोचता येतं.

प्रवेश घेताना कॉलेज मूळ कागद ठेवून घेतं, आणि जागा मध्येच सोडली तर दंडाची अट बाँडमध्ये असते. सही करण्याआधी तो बाँड दोघांनी वाचा, आणि सगळ्या मूळ कागदांच्या साक्षांकित प्रती व स्कॅन घरी ठेवा. बँकेला, मुलांच्या शाळेला, शिष्यवृत्तीच्या अर्जाला त्या पुढची पाच-सहा वर्षं लागत राहतात.